समोरचा कप

हार्लन ब्रुसारने एमरीच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी दोन वाक्यं बोलला आणि विधानभवनाचा जिना चढून निघून गेला. विल्मा धापा टाकत आली तेव्हा त्याची पाठच तिला दिसली.

"काय म्हणतोय समितीचा अध्यक्ष?"

"आपल्या बाजूने आहे," एमरी म्हणाला.

"खरंच? विरोधात मत दे म्हणून त्या सरकारी वकिलांनी त्याला इतकं धरलं होतं, तरी?"

"तरी. तू जा. नवऱ्याला ऑपरेशनला आत नेतील तेव्हा शेजारी तू हवीस."

विल्मा पर्सचा पट्टा चाचपत उभी राहिली. "मतदान करून निघाले तरी पोचेन मी. धावपळ होईल, एवढंच. माझ्यावाचून अडणार असेल तर सांग बाबा."

"अडत नाही. मोजलीत मी मतं."

एमरी गिल्बोने मोजलं म्हणजे झालं, असं राज्याच्या सिनेटमध्ये सगळेच म्हणत. इतक्या वर्षांत त्याची मोजणी कधी चुकली नव्हती. विल्माने त्याच्या गालाला गाल लावला आणि ती गाडीकडे पळाली.

एमरी खाली उपाहारगृहात आला. खिडकीजवळच्या टेबलावर अल्सीदने दोन कप मांडले होते. एक एमरीचा, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

त्याच्या बायकोला, ओडेटला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरी शेगडी पेटत नव्हती. मुलगी फोनवर हवापाण्याचं बोलायची, आईचं नाव टाळायची. अल्सीद मात्र रोज दुसरा कप भरायचा. चिकोरीची कॉफी, दूध जास्त, ओडेटला आवडायची तशी.

अल्सीद बातिस्त कैदी होता. एकोणीस वर्षांचा असताना तो एका दुकानाबाहेर पहारा देत उभा राहिला आणि आत त्याच्या मित्राने दुकानदाराला गोळी घातली. दोघांनाही मरेपर्यंत तुरुंग. मित्र केव्हाच आत मेला. अल्सीद आता बहात्तर वर्षांचा होता. चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना तुरुंगाची गाडी सकाळी विधानभवनात कामाला सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" ओडेट एकदा याच टेबलाशी म्हणाली होती. "वर बसून कायदे करता, आणि खाली हा म्हातारा तुम्हाला फुकटात कॉफी पाजतो."

एमरीला लाज वाटली होती. त्यातूनच हे विधेयक आलं. सत्तरी ओलांडलेल्या, चाळीस वर्षं शिक्षा भोगलेल्या कैद्याला सुटकेचा अर्ज करता यावा, एवढंच त्यात होतं. शेवटी शेवटी ओडेटला धड बोलता येत नव्हतं, तरी ती विचारायची, "अल्सीदचं काय झालं?"

"सुटलास तर पहिलं काय करशील?" एमरीने नेहमीसारखं विचारलं.

"बहिणीकडे जाईन, साहेब. लिओनी पार खाली खाडीवर राहते. तिच्या धक्क्यावर गळ टाकून बसणार." अल्सीद हसला. "ओडेटबाई म्हणायच्या, मला मासे आणून दे. म्हटलं, बाई, मासे खायचे तर तुम्हीच तिकडे या. मी काही या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तुम्ही बोलावलंत तरी नाही हां, साहेब. राग मानू नका."

"राग कसला," एमरी म्हणाला आणि कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

समितीच्या खोलीत पाणी द्यायला अल्सीदच होता. समितीचे सात सदस्य. एमरीचं विधेयक पुकारलं गेलं तेव्हा त्यातली एक खुर्ची रिकामी होती.

"विल्मा नाहीये," हार्लन एमरीकडे बघत म्हणाला. "उद्यावर टाकायचं का?"

"नको. मतदान घ्या."

अधिवेशन संपत आलं होतं. आज पडलं तर वर्षभर पुन्हा नाव काढता येणार नव्हतं. अल्सीदने पाण्याचा जग टेबलाच्या कडेला टेकवला.

एकेकाचं नाव घेतलं गेलं. तीन बाजूने, दोन विरोधात. अध्यक्षाचं मत शेवटी. हार्लनने विल्माच्या खुर्चीकडे पाहिलं. मग बराच वेळ एमरीकडे पाहिलं.

"विरोधात," तो म्हणाला.

तीनास तीन. बरोबरी झाली की विधेयक पडतं. अल्सीदने जग उचलला आणि पुढचा ग्लास भरला. थेंबही सांडला नाही.

एमरीचे कान तापले होते. लोक येऊन पाठीवर हात ठेवत होते, आणि प्रत्येक हाताबरोबर त्याची मान आणखी खाली जात होती. दुपारी हॉस्पिटलमधून विल्माचा फोन आला. ती रडत होती.

"थांबले असते रे मी! तो हार्लन म्हणजे नीच माणूस आहे."

"त्याला काही बोलू नकोस," एमरी म्हणाला. "मोजण्यात मीच चुकलो."

दुसऱ्या दिवशी खाली जाऊच नये असं त्याने ठरवलं होतं. तरी गेला. खिडकीजवळ दोन कप मांडलेले होते.

"मान वर करा, साहेब," अल्सीद म्हणाला. "लाज वाटायची तर हार्लनसाहेबांना वाटू दे. ऐन वेळी फिरले ते. तुम्ही काय कमी केलंत? ओडेटबाई असत्या तर त्यांना मी हेच सांगितलं असतं."

एमरी खुर्ची ओढून बसला.

अल्सीदने दुसऱ्या कपात दूध ओतलं आणि त्याचा कान रिकाम्या खुर्चीकडे वळवून ठेवला. "पुढच्या वर्षी बघू. तोवर आहेच की मी इथे."

एमरी त्या कपाची वाफ बघत बसला. काल सकाळी जिन्यापाशी हार्लन त्याच्या कानात म्हणाला होता, "माझं मत धरू नकोस, एमरी. विल्माला तेवढं जाऊ देऊ नकोस."