सहावं नाव

चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या भाड्याच्या खोलीत रविवारी दुपारी शूटिंग सुरू झालं, की आधी पंखा बंद व्हायचा. मग स्वरदा घामेजल्या हाताला पावडर चोळून टेबलाखाली बसायची आणि हात वर करून ढोलेसाहेबांच्या आत घालायची.

ढोलेसाहेब म्हणजे त्यांच्या ऑनलाइन विनोदी मालिकेतला कापडी बाहुला, एका कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. आज साहेब अपघातात गेलेल्या पाच कामगारांची नावं वाचणार होते आणि प्रत्येक नावामागे एक विनोद करणार होते. सगळं स्वरदानंच लिहिलं होतं. ती नावं खरी होती, श्रीपेरुंबुदूरला ती नोकरी करायची त्या कारखान्यातली. हे मात्र तिनं कॅमेऱ्यामागच्या सिद्धार्थला सांगितलं नव्हतं.

टेबलाखालून तिला बाहुला दिसत नसे. समोरच्या छोट्या पडद्यावर बघत ती त्याला बोलतं करी.

पाचवं नाव झालं. सिद्धार्थ तोंडावर हात दाबून हसत होता. स्वरदाचा हात भरून आला होता. तिनं तो बाहुल्यातून काढला आणि पांढरी झालेली बोटं मांडीवर ठेवली.

पडद्यावर साहेब तसेच ताठ उभे होते.

"थांबू नकोस गं," सिद्धार्थ कुजबुजला, "मस्त चाललंय."

स्वरदानं ओठ घट्ट मिटले.

साहेबांनी मान हलवली. मग टेबलाच्या कडेवरून वाकून त्यांनी खाली तिच्याकडे पाहिलं, आणि सहाव्या नावासाठी तोंड उघडलं.