पलीकडे राहिलेलं पिल्लू

काचेच्या पाटीवरचं वाक्य मुलाला समजलं, की लगेच पुढचं यायचं. त्यामुळे चौथीची मुलं अख्खा धडा तीन मिनिटांत वाचायची. झेलमची पाटी मात्र बकरीच्या गोष्टीत अडली. आज ती मागे पडली, तर तिसरीच्या गटात जाणार होती.

"कुठला शब्द कळला नाही गं?" गावितबाईंनी विचारलं.

"शब्द कळले, बाई. बकरी ओढा ओलांडून घरी आली. पण तिचं पिल्लू पलीकडेच राहिलं ना!"

बाईंनी धडा पुन्हा वाचला. पिल्लाचं पुढे काय झालं, ते खरंच कुणी लिहिलं नव्हतं.

"मग तूच लिही."

झेलमने एक ओळ लिहिली आणि पाटी पुढे सरकली. बाईंनी तिचं नाव चौथीतच ठेवलं. उद्यापासून सगळ्याच मुलांच्या धड्यात पिल्लू घरी पोहोचणार होतं.