तीनदा बाहेर

"इहीनबाई, तुमची पोरगी रातभर झोपली नाही," रुख्माबाई चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या. "तीनदा उठून भायेर गेली. मोजलं ना मी."

ताटलीत चिवडा वाढणारा दुर्गाबाईंचा हात थांबला. चुलीपाशी बसलेल्या खुशबूने मान वर केली नाही.

मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा, दुसरा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुरुष ओसरीवर भाताच्या तणसावर सतरंज्या टाकून झोपले होते, बायका आतल्या खोलीत एका ओळीने. रुख्माबाई म्हणजे खुशबूच्या थोरल्या बहिणीची, अल्काची, चुलतसासू. आपल्या गावाहून, चोरखमाऱ्याहून, सडक अर्जुनीपर्यंत त्या मंडईच्या निमित्ताने आल्या होत्या, पण मनात वेगळंच होतं. त्यांचा प्रफुल्ल वायरमन होता आणि लग्नाचा होता. "खुशबू माह्या बाजूले झोपल," हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. एकोणतीस वर्षांच्या खुशबूसाठी वर्षभरात आलेलं हे पहिलंच स्थळ.

खुशबूच्या कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर इसब होता. रात्री गोधडीची ऊब लागली की तो जागा होई. काल तिने दोन्ही हात पाठीखाली दाबून ठेवले, ओठ चावले, शेजारचा श्वास ऐकत राहिली. सोसेना तेव्हा मोबाईलच्या उजेडात वाट काढत तणसाच्या ढिगामागे गेली, रक्त येईपर्यंत खाजवलं, टाक्यातलं गार पाणी ओतलं आणि परत येऊन पडली. असं तीनदा. रुख्माबाई घोरत होत्या, असं तिला वाटलं होतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा रोग कुणाला लागत नाही, फक्त नीट झोपत जा, खाज कमी होईल. "खाज कमी झाली तर झोपीन ना," ती म्हणाली होती. तोवर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

"मोबाईलचा उजेड दिसला मले," रुख्माबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पोरी, मी काही जुन्या काळची नाही. कोन आहे तो? आताच सांग. मंग बोंबाबोंब नोको."

"मावशी, मले रातभर..."

"खुशबू, दूध पाय, उतू चाललं," दुर्गाबाई मध्येच म्हणाल्या.

दूध केव्हाच उतरवलेलं होतं. खुशबूने ओढणी मानेवर ओढून घेतली. याआधीची दोन्ही स्थळं एकाच शब्दावर मोडली होती. एका मुलाच्या मावशीने मान पाहिली आणि 'खरूज' म्हणून गेली. दुसरीकडच्यांनी तो शब्द बाजारात ऐकला. लागत नाही, हे दुर्गाबाईंनी दोन्ही वेळा समजावून पाहिलं होतं.

त्यांनी ताटली पाहुणीसमोर सरकवली.

"होता एक," त्या म्हणाल्या. "आता नाही. कालची रात शेवटची समजा, इहीनबाई."

खुशबू आईकडे पाहत राहिली. या आईने तिला आजवर आठवडी बाजारालासुद्धा एकटं धाडलं नव्हतं.

रुख्माबाईंनी चिवड्याचा एक घास खाल्ला, नीट चावला. मग हसल्या.

"सांगतलं हे बेस केलं. लपवलं असतं त मी अशीच उठून गेली असती. आमच्या प्रफुल्ल्याचंही होतं एक, देवरीकडची. वयच असते तसं. तेवढं आमी पोटात घालू. पोरगी अंगानं धड पाहिजे, बस."

"धडच आहे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मंग झालं! उद्या आमच्या गावची मंडई. हिले आज संगच नेऊ. पोराले पाहून घेईल, पोरगा हिले पाहील. अल्काकडं त पाय ठेवाले जागा नाही, ही माह्याच घरी राहील. माह्याच बाजूले झोपल चार दिवस. मोबाईल मात्र माह्या उशाखाली!" त्यांनी खुशबूच्या पाठीवर थाप मारली. "पायतो ना मी, कशी झोपत नाही ते."

जीप अकराला होती. दुर्गाबाईंनी पिशवीत पूर्ण बाह्यांचे तीन ड्रेस घातले. मलमाची ट्यूब पिळून फेसक्रीमच्या रिकाम्या डबीत भरली. मग खुशबूला मागच्या अंगणात नेलं, पाटावर बसवलं आणि ब्लेडने तिची नखं कापायला घेतली. अगदी मुळापर्यंत.

"आई, काऊन सांगतलं तसं?"

"हे ऐकून ते तुले संग नेऊन राहिले. ते ऐकलं असतं त चहाही टाकून गेले असते."

एका बोटाला रक्त आलं. दुर्गाबाईंनी ते पदराने टिपलं आणि पुढचं बोट धरलं. ओसरीवरून रुख्माबाईंच्या हसण्याचा आवाज येत होता. कुणाला तरी त्या सून पसंत असल्याचं सांगत होत्या.

"चार राती काढीन मी कशाबी," खुशबू म्हणाली. "मंग?"

दुर्गाबाईंनी ब्लेड पदराला पुसलं.

"करंगळी दे," त्या म्हणाल्या.