खिडकीजवळचं बाक

जुमागुलने पुलाव बाकांच्या हिशेबाने मागवला आणि घोटाळा तिथेच झाला. एका बाकाला एक ताट. वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांनी त्यातूनच खायचं. शाळा सुटून पंचवीस वर्षांनी सगळा वर्ग शाळेच्या अंगणात तुतीखाली जमला होता. शेवटचं ताट वाफाळत आलं, तर त्याच्यासमोर कोणीच नव्हतं.

ते बाक सांगीन आणि एमोमचं होतं.

यादवीच्या पहिल्या हिवाळ्यात एक या बाजूने लढायला गेला, एक त्या बाजूने. दोघंही एकोणीस वर्षांचे. दोघंही परतले नाहीत.

जुमागुलला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "मी परत नेते हे," ती पुटपुटली.

"वाढलेलं ताट परत नेतात होय गं?" त्यांच्या गणिताच्या सवरीबाई म्हणाल्या. वय ऐंशी, आवाज वर्गातलाच. "जन्मभर गणितात कच्ची, आज कुठे तुझं उत्तर बरोबर आलंय. ज्यांचं बाक त्यांच्या आया खातील."

वर्गाने बोलावलेल्या दोघी आया अंगणाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. गल्ली एकच, पण त्या हिवाळ्यापासून बोलणं बंद. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

सांगीनची आई उठली. एमोमची आई हलेना. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तीही उठली. या बाईंना नाही म्हणणं तिच्या पोरालाही कधी जमलं नव्हतं.

दोघी समोरासमोर बसल्या आणि आपापल्या कडेचा भात खाऊ लागल्या. मधलं मांस तसंच राहिलं. आपल्यात ते समोरच्याच्या बाजूला सारायचं असतं, आणि तेच तर दोघींकडून होत नव्हतं.

बऱ्याच वेळाने एमोमच्या आईने चरबीचे तुकडे वेचून स्वतःकडे ओढले आणि उरलेलं मांस पलीकडे सारलं.

"तुझ्या पोराला चरबी आवडायची नाही," ती ताटाकडे बघतच म्हणाली. "आमच्या घरी सगळी एमोमच्या पुढ्यात ढकलायचा."

"काहीतरीच. माझ्याकडे तर बोटं चाटून खायचा."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. मला सांगायचा तो."

सांगीनच्या आईचा घास हातातच राहिला. मग ती जरा पुढे सरकली.

"आणखी काय सांगायचा?"