काकांचं नाव

"काका, तुमचं नाव काय हो?" कवळीवाल्याने विचारलं आणि स्वतःच ओशाळला.

बावीस वर्षं हा माणूस दर बुधवारी दुपारी त्याच्या दुकानात येऊन बसत होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. काका म्हटलं की भागत होतं.

लोकांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. वेड मात्र नव्वद वर्षांपूर्वी बुडालेल्या एका बोटीचं. आत्याने लहानपणी तिचं चित्र दिलं, तिथून सुरुवात. वाचनालयातल्या बाईंनी जुनी वर्तमानपत्रं शोधून दिली. "या बोटीपायी एक दिवस घर बुडणार," असं म्हणत म्हणत बायकोने त्याच्या बोटीवरच्या पुस्तकाचं सगळं हस्तलिखित टाइप केलं. आता फक्त ऋणनिर्देशाचं पान अडलं होतं, आणि छापखान्याचा माणूस चार वाजता यायचा होता.

खरं ऋण काकांचंच. बोटीचा नकाशा त्यांनीच दुरुस्त करून घेतला होता. "जिना डावीकडे घ्या. भट्टीखोलीचं दार बाहेरून लागायचं," असं ते सांगत, आणि महिन्याभराने कुठल्यातरी जुन्या कागदात अगदी तसंच सापडे. कुठे वाचलंत, म्हटलं की नुसते हसत. मग धंद्याच्या खोडीने कवळीवाल्याची नजर दातांवर जाई. बावीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या तोंडात कवळी आली होती. काकांचा एकही दात झिजला नव्हता. तो घाईघाईने विषय बदले.

निघताना काका नेहमी "येतो" म्हणत. एकदा दुकान बंद करताना कवळीवाला "जातो मी" म्हणाला, तर केवढे भडकले! "जातो म्हणू नये. सगळे 'येतो' म्हणूनच चढले होते बोटीवर."

बुडालेल्या एकशे बारा जणांची यादी पुस्तकाच्या शेवटी होती. नावं एकशे अकरा. भट्टीवरच्या एका कोळसेवाल्याचं नाव कुठल्याच कागदात मिळालं नव्हतं. त्या जागी नुसती रेघ होती, आणि ती कवळीवाल्याला रात्रंदिवस सलत होती.

काकांनी आज नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तो ऋणनिर्देशाच्या पानावर लिहू लागला.

"तिथे नको," काका म्हणाले. त्यांनी गठ्ठा ओढून घेतला, शेवटची पानं उलटली आणि आपलं काळं पडलेलं बोट त्या रेघेवर ठेवलं. "इथे."

कवळीवाल्याला वर बघायचा धीर होईना. त्याने रेघेवर नाव लिहिलं, अक्षर न् अक्षर नीट.

"फार उपकार झाले तुमचे," काका म्हणाले. उठले, दारापाशी क्षणभर थांबले.

"जातो."