रविवार दुपारचा प्रयोग

किल्ल्या टेबलावर टाकताना आवाज व्हायला हवा, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून नटाने त्या जरा जोरातच टाकल्या.

"आलास? चपला बाहेर काढल्यास ना?" खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हातारीने विचारलं. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"काढल्या गं आई. औषध घेतलंस?"

"घेतलं. एवढं कडू औषध पिते ते काय उगाच? अजून पुष्कळ वर्षं तुझ्या डोक्यावर मिरे वाटायचे आहेत मला."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून खुदकन हसली.

गेले चार महिने दर रविवारी दुपारी हे असंच चाललं होतं. नट एका लहानशा नाट्यगृहात कामं करायचा. शंभरेक खुर्च्या, कुरकुरणारे पंखे आणि निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. मोठ्या शहरात अशा नाट्यगृहाला कोण विचारतो? पण तिसऱ्या रांगेत एक कुटुंब ठरलेलं असे. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. दिव्यांच्या झोतामुळे त्यांचे चेहरे नटाला कधी दिसले नाहीत, पण पडलेल्या विनोदालाही ते तिघं मनापासून हसायचे, आणि त्या हसण्यावर नट अख्खा प्रयोग तारून न्यायचा.

मग एकाएकी ते हसणं थांबलं. काही आठवड्यांनी बायको एकटीच रंगपटात आली.

"गाडीला अपघात झाला," ती म्हणाली. "हे गेले. आई वाचल्या, पण त्यांची नजर गेली. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा घरी याल?"

नट चपापला. "अहो, हे नाटक नाही, ही फसवणूक झाली."

"नाटकात तुम्ही दुसरं काय करता?"

तो हो म्हणाला. तिने त्याला कागद लिहून दिले. मुलगा घरात कसा येतो, काय विचारतो, कशावर चिडतो. आई त्यावर काय म्हणतील तेही लिहिलं होतं, आणि म्हातारी खरंच शब्दन् शब्द तसंच म्हणायची. जन्माच्या सवयी, दुसरं काय, असं नटाला वाटायचं. एकदा तो बोलता बोलता अडखळला, तर म्हातारीनेच असं काही सावरून घेतलं की कुणाला कळूही नये. आईच ती.

सुनेनेही नाट्यगृहाला अंतर दिलं नाही. कचेरीतल्या लोकांना ती हाताला धरून नाटकाला आणायची. "घरात बसून भिंती काय बघता?" म्हणायची. खुर्च्या भरू लागल्या. दर रविवारी मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि या दोघांच्या मध्ये एक शब्दही बोलायची नाही.

आज नटाचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्यापासून त्यांच्या नाटकाचा दौरा सुरू होणार होता. वर्षभर गावोगाव फिरायचं होतं. सुनेने तोडगा काढला होता, "बदली झाली म्हणून सांगा." पण त्याला ते जमेना. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तो रंगमंचावर लोकांना हसवत होता. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती, हे त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. आता दुसऱ्या एका आईला तसंच दाराशी कान लावून बसवायचं? वर्षभर? तिच्या वयाला वर्ष म्हणजे किती, हे त्याला कळत होतं. रडली तर रडू दे, पण खोट्या आशेवर ठेवायचं नाही, असं त्याने येतानाच ठरवलं होतं.

म्हातारीने ठरल्याप्रमाणे त्याच्या केसांवरून हात फिरवला. "केस कधी कापणार आहेस?"

सून चहा आणायला आत वळली. नट खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी तुमचा मुलगा नाही."

म्हातारीचा हात थांबला.

"मी नाटकात कामं करतो. तुमचा मुलगा त्या अपघातातच गेला. तुम्हाला सोसणार नाही म्हणून सुनेने लपवलं. तिला बोल लावू नका. चूक माझी आहे. मला माफ करा."

म्हातारीने काळा चष्मा काढला आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"कुठल्या नाट्यगृहात?" तिने विचारलं.

नट तिच्या डोळ्यांकडे बघतच राहिला. ते स्वच्छ होते. त्याने कसंबसं नाट्यगृहाचं नाव सांगितलं.

"मी नदीपलीकडच्या नाट्यगृहात कामं करते. सतरा वर्षं झाली. मला सांगितलं होतं, अपघातात आई गेली आणि मुलगा वाचला. पण आई नाही हे त्याला पटतच नाही, डोक्यावर परिणाम झालाय. डोळे दिसले तर ओळखेल, म्हणून हा चष्मा. तू दारातून 'आई' म्हणायचास ना, माझ्या पोटात तुटायचं रे."

आतला कपबशांचा आवाज थांबला होता. म्हणजे त्या अपघातात मायलेक दोघंही गेले होते. नट आणि म्हातारीने एकदमच मान वळवली.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"थांबू नका ना," ती म्हणाली. "आता आईंचं वाक्य आहे."