प्रोखोरचे नातेवाईक

"तुमचं आणि प्रोखोरचं काय नातं?" झोतोवने विचारलं.

"आत्याचा नवरा," येफिम म्हणाला. "म्हणजे माझ्या आत्याचा नवरा आणि याचे आजोबा एकाच बोटीवर होते, साहेब."

"याला नातं म्हणतात?"

"आमच्याकडे म्हणतात."

नदीकाठी जमलेली माणसं हसली. उलट्या घातलेल्या बोटीवर पाय हलवत बसलेला प्रोखोरही हसला. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि टरफलं झोतोवच्या बुटांच्या दिशेने थुंकत होता. त्याच्या शेजारी ताडपत्रीवर त्याचाच पराक्रम मांडून ठेवला होता. या काठापासून त्या काठापर्यंत नदी अडवणारं ओलं जाळं, आणि मिठात मुरवलेल्या गाबोळीची, म्हणजे माशांच्या अंड्यांची, पिंपं. मासा मात्र एकही नव्हता.

झोतोव मत्स्यखात्याचा निरीक्षक होता. सॅमन मासा अंडी घालायला नदीत चढत असताना असं जाळं लावणं हा गुन्हा होता. त्याला कैदेची शिक्षा होती. बोट आणि इंजिनही जप्त व्हायचं. पण जप्तीच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत, आणि आरोपीच्या नात्यातला साक्षीदार चालत नसे. गेल्या वर्षी याच काठावर सही करायला कुणी पुढे आलं नव्हतं. कुणाचा चष्मा हरवला, कुणाचा हात दुखावला. प्रोखोर सुटला आणि यंदा आणखी लांब जाळं घेऊन आला.

या खेपेला एक सही मिळाली होती, दवाखान्यातल्या रिम्मा नर्सची. ती दूरच्या शहरातून बदलून आलेली. तिला गावात कुणी सगंसोयरं नव्हतं. दुसरी सही मिळत नव्हती. नियमातली फट गावाला कुणी दाखवली कोण जाणे, पण आज सकाळपासून सगळं गाव प्रोखोरचं नातेवाईक झालं होतं.

झोतोव दुकानवाल्या कापितोलिनाकडे वळला. "तुम्ही?"

"मी मावशी लागते त्याची. त्याच्या आईची, उस्तिन्याची, बहीण ना मी."

"सख्खी?"

"इतकी सख्खी नाही. लांबची."

"काल तुमच्या दुकानात मी याचं नाव काढलं, तर म्हणालात, त्या मेल्याशी माझा काय संबंध?"

"घरातल्या माणसाबद्दलच असं बोलतो आपण, साहेब. परक्याला कशाला नावं ठेवू?"

पुन्हा हशा झाला. झोतोवने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. यांना कशाने बांधलंय हे त्याला ठाऊक होतं. घरोघरी प्रोखोरने दिलेली गाबोळीची एकेक बरणी होती. घरांमागच्या मासे वाळवायच्या काठ्या रिकाम्या पडल्या होत्या, हिवाळ्यात कुत्र्यांपुढे टाकायला माशाचा काटाही उरणार नव्हता, आणि हे दात काढत होते. बरणीभर गाबोळीला विकलेली माणसं! यांच्यासाठी नदी राखायची तरी कशाला?

"साहेब, दमलात," प्रोखोर म्हणाला. "ते कागद घडी करून ठेवा आणि जेवायला चला. एक पिंप तुमच्या घरीही पोचवतो. वहिनी खूश होतील."

झोतोवने हातातले कागद पुन्हा सरळ केले. असल्या माणसाला उत्तर देणं म्हणजे त्याला आपल्या पंगतीला बसवणं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. प्रोखोरची आई उस्तिन्या वरच्या अंगाने, ओढ्याकडून येत होती. गमबूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, हातात रिकामी बादली. तिने निरीक्षकाकडे पाहिलंही नाही. ती थेट मुलापुढे जाऊन उभी राहिली.

"मासे कुठं टाकलेस?"

"कुठले मासे?"

"ज्यांची पोटं फाडून ही गाबोळी काढलीस ते."

"ओढ्यात. एवढं वजन कोण वाहणार? अस्वलं खातील की."

"अस्वलंसुद्धा तोंड लावत नाहीत. किडे पडलेत."

"मग किडे खातील. त्यांना नको का पोट?" प्रोखोरने लोकांकडे पाहून डोळा मारला. या वेळी त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. "आई, घरी जा. उगाच थंडीत उभी राहू नकोस."

उस्तिन्याने बादली खाली ठेवली आणि ती झोतोवकडे वळली.

"सही कुठं करायची?"

"आजी, सकाळपासून थट्टा चाललीय, तेवढी पुरे. आरोपीच्या आईची सही चालत नाही."

"कुणाच्या आईची?"

"याच्या."

उस्तिन्याने मान वळवून प्रोखोरकडे पाहिलं. बुरशी लागलेला पाव परत ठेवावा, तशी तिची नजर त्याच्यावरून निघाली.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"आई!" प्रोखोर बोटीवरून खाली उतरला.

"माझ्या घरात मासा फाडून सडायला टाकणारं कुणी जन्मलं नाही. हा कुणाचा आहे ते मला ठाऊक नाही. लिहा, साहेब."

झोतोवचं पेन कागदावर थांबलं. तिची सही न्यायालयात घटकाभरही टिकली नसती. प्रोखोर आईकडे बघत होता. आई नदीकडे बघत होती. येफिम मान खाली घालून बुटाने वाळू उकरत होता.

मग कापितोलिनाने एप्रनला हात पुसले आणि ती गर्दीतून पुढे आली.

"ही त्याची आई नाही म्हणते," ती म्हणाली. "मग मी तरी त्याची मावशी कुठून? द्या ते पेन."